रक्ताने दिलेली उलटी साक्ष

अर्जदार : सौ. शैलजा प्रसाद भोसेकर, व्यवसाय बालसंगोपन, राहणार टार्निट, मेलबर्न.

सामनेवाले : त्याच परिसरातील एक चाइल्डकेअर सेंटर. नाव प्रस्तुत लेखकास ठाऊक आहे. ते येथे देणे शिस्तीत बसत नाही.

घटनेची तारीख : गेल्या वर्षी गणपती बसण्याआधीचा शुक्रवार, दुपारची वेळ.

घटना : अर्जदाराने लसींचे खोटे दाखले दिले, असा संशय तिच्या तोंडावर बोलून दाखवण्यात आला.

साक्षीदार क्रमांक एक : अर्जदाराच्या मातोश्री, मुक्काम पुणे, ज्यांनी लस टोचताना तिला मांडीवर धरले होते.

साक्षीदार क्रमांक दोन : शिवराम कंपाउंडर, ज्यांच्या बोटाला अर्जदाराने त्या प्रसंगी चावा घेतला होता.

साक्षीदार क्रमांक तीन : अर्जदाराचे पती प्रसाद, ज्यांनी कॉलेजच्या शिबिरात काविळीची लस तिच्याच मागे रांगेत उभे राहून घेतली.

साक्षीदार क्रमांक चार : अर्जदाराचे रक्त. या साक्षीदाराने उलटी साक्ष दिली.

वरील नावे संबंधितांच्या इच्छेवरून बदललेली आहेत. मजकुरात मात्र काहीही बदललेले नाही.

माझे नाव दत्तात्रय खुटवड. टार्निटमध्ये मला अर्जकाका म्हणतात, आणि ते नाव मी मिळवलेले आहे, कोणी लाडाने दिलेले नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत. दहावीच्या वर्गात बसलो होतो, परंतु परीक्षेचे आणि माझे जमले नाही. पुढे तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल टाकले आणि ऐन उमेदीची वर्षे लोकांची गाऱ्हाणी कागदावर सरळ उभी करण्यात घालवली. सौ. परिचारिका आहेत. त्यांना इकडे नोकरी मिळाली आणि त्यांच्या व्हिसाला जोडलेला कागद म्हणून मी आलो. दिवसा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. ते पोट झाले. व्यवसाय विचाराल तर अर्जलेखन.

इथे शिकलेल्यांची काही कमी नाही. घरटी एक इंजिनिअर आहे. मग अर्जकाका कशाला, असा प्रश्न बाहेरच्या माणसास पडेल. त्याचे उत्तर असे, की इंग्रजी सर्वांना येते. परंतु कोणती गोष्ट आधी सांगायची आणि कोणती मुळीच सांगायची नाही, हे फार थोड्यांना येते. मी मराठीत घटनाक्रम बांधून देतो, त्याचे इंग्रजी ज्याचे त्याने करावे. हल्ली ते फोनही करतो. अर्जाला चार पाय लागतात : कोण, केव्हा, कोणासमक्ष आणि मागणी काय. मागणी नसलेला अर्ज म्हणजे रडगाणे, आणि ते मी लिहून देत नाही. एकदा सिडनीहून, टूनगॅबीच्या एका गृहस्थांचा फोन आला. वसंतात मॅगपाय नावाचा इथला पक्षी डोक्यावर झेप घेतो, तशी त्यांच्यावर रोज घेत होता. त्यांना कौन्सिलकडे तक्रार करायची होती. मी विचारले, "मागणी काय लिहू?" ते म्हणाले, "त्याने माफी मागावी." मी त्यांना टोपी वापरण्याचा सल्ला दिला.

शैलजाचे प्रकरण वेगळे होते. त्या शनिवारी, म्हणजे घरोघर मखराची तयारी चालू असताना, ती आणि प्रसाद माझ्या गॅरेजमध्ये आले. गाडी बाहेर लावून गॅरेजमध्ये टेबल टाकलेले आहे, तेच माझे कार्यालय. शैलजा बसली आणि आधी खोकली. बराच वेळ खोकली. मी पाणी दिले.

"घ्या, हिचं नेहमीचं," प्रसाद म्हणाला. "काका, लहान मुलांत काम करते, सगळ्यांचे व्हायरस घरी आणते. दोन हिवाळे सलग न्यूमोनिया. मी म्हणतो, जॉब बदल."

"मी जॉब बदलायला आलेली नाही इथे," शैलजा म्हणाली. "काका, मला खोटारडी म्हटलंय. मला ते लेखी परत घ्यायला लावायचंय."

हकीकत अशी. सेंटरमध्ये सर्व कर्मचाऱ्यांच्या लसींची तपासणी सुरू झाली. शैलजाकडे पुण्याच्या फॅमिली डॉक्टरांचे जुने पिवळे कार्ड होते; शाई उडालेली, कोपरा उंदराने खाल्लेला. तिच्या भावाला वाटले, असले फाटके कागद परदेशात बरे दिसत नाहीत. त्याने त्याच डॉक्टरांकडून नव्या लेटरहेडवर नवा दाखला घेतला. लहानपणापासूनच्या सर्व तारखा, एकाच शाईत, खाली कोरा करकरीत गोल शिक्का, आणि वरून लॅमिनेशन. आपल्याकडे असा कागद पाहून साहेब खूश होतो. इथे मॅनेजरबाईंनी तो उजेडात धरला आणि विचारले, "हे सगळे परवाच लिहिलेले दिसते?" तरीही त्या काही वाईट वागल्या नाहीत. म्हणाल्या, रक्त तपासू, म्हणजे प्रश्न मिटेल. लस घेतली असेल तर तिच्या खुणा, म्हणजे अँटिबॉडी, रक्तात सापडतील.

रक्त तपासले. गोवर नाही. रुबेला नाही. कांजिण्या नाहीत. ब काविळीचेही काही नाही. जणू या बाईला आयुष्यात सुई शिवलेली नाही.

"मग मॅनेजर म्हणाली, 'इट्स ओके, डोस परत घे, तोवर घरी राहा, नो वरीज,'" शैलजा सांगत होती. "आणि हळूच म्हणाली, 'बट प्लीज, पुन्हा असे पेपर आणू नकोस.' काका, तिथल्या दोन मुली ऐकत होत्या."

"घेऊन टाक ना डोस," प्रसाद म्हणाला. "दोन सुया. विषय संपला."

"घेतले म्हणजे कबूल केलं."

"कोर्ट आहे का हे?"

"तुझ्या रक्तात काविळीच्या लसीच्या अँटिबॉडी सापडल्या होत्या, म्हणून बोलतोयस तू. माझ्या मागे उभा होतास ना रांगेत? सांग ना तिला जाऊन."

मी वही उघडली नाही. माझा एक नियम आहे. साक्षीदार फुटला, तर आधी त्याच्यावर चिडायचे नाही; त्याला विचारायचे, बाबा रे, असे का बोललास. दोन साक्षीदारांची जबानी मी व्हिडिओ कॉलवर तिथल्या तिथे घेतली. मातोश्री रडल्या, त्यामुळे त्यांची जबानी निरुपयोगी. शिवराम कंपाउंडर थकले आहेत, परंतु त्यांनी उजव्या हाताचे बोट कॅमेऱ्यासमोर धरले. "ही पोरगी होय? हिला मी कशी विसरेन? टिटॅनसचं इंजेक्शन मलाच घ्यावं लागलं." एवढी चोख साक्ष मला कचेरीबाहेरच्या साऱ्या वर्षांत क्वचित मिळाली.

माणसे खरे बोलत होती आणि रक्त नाही म्हणत होते. मी शैलजाला सांगितले, "अर्ज लिहीन, पण आधी तुझ्या जीपीकडे जा. आणि तोवर नवा डोस घेऊ नकोस." दुसरे वाक्य मी केवळ अर्जाची बाजू कमकुवत होऊ नये म्हणून बोललो होतो. ते किती बरोबर ठरणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

जीपी, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टर, यांनी तो अहवाल पाहिला आणि त्यांना दाखल्याचा संशय आला नाही. त्यांना रक्ताचा आला. एखाद्या लसीला एखादे शरीर उत्तर देत नाही, हे घडते. चारही लसींना नाही? आणि वर दोन न्यूमोनिया? टपालाचे एक पत्र गहाळ होऊ शकते. सगळी पत्रे गहाळ झाली, तर पत्र पाठवणाऱ्याला खोटे ठरवण्याआधी पोस्ट ऑफिस तपासावे लागते. ही उपमा माझी आहे, परंतु विचार त्यांचा.

त्यांनी नव्या तपासण्या लिहिल्या. प्रसादने फोनवर अहवाल उघडला आणि त्याचा चेहरा खुलला. "सीबीसी नॉर्मल. आणि हे आयजीजी का काय, ते एकदम लो आहे. बरंच झालं की."

त्याची चूक नाही. आपल्या घरांत साखर, कोलेस्टेरॉल, बीपी यांवर माणसे लहानाची मोठी होतात. खाली जाणारा बाण दिसला की घरात गोड करतात. शिवाय दर डिसेंबरात पुण्याला गेले, की दात, चष्मा आणि फुल बॉडी चेकअप उरकून यायचे, हा आपला शिरस्ता. शैलजाचाही तसला भला मोठा अहवाल होता, मुखपृष्ठावर 'इम्युनिटी' असे छापलेले. आत जीवनसत्त्वे होती, लोह होते, थायरॉइड होते. परीक्षेत सर्व विषय होते, फक्त जो विषय नापास होता तो नव्हता.

इम्युनॉलॉजिस्ट, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञ, यांच्याकडे जाताना शैलजाने प्रसादबरोबर मलाही नेले. डॉक्टरीणबाई साठीच्या पुढच्या, पांढऱ्या केसांच्या. मला बघून म्हणाल्या, "आणि तू कोण, मेट?" मेट म्हणजे इथल्या बोलीत दोस्त.

"विटनेस," मी म्हणालो.

"उत्तम. इथे सहसा आईला आणतात."

त्यानंतर त्यांनी जे समजावले, ते मी आयुष्यात ऐकलेले सर्वांत सुरेख निवेदन होय. मी त्यांच्या परवानगीने टिपून घेतले, आणि माझ्या धंद्याच्या भाषेत खाली देत आहे.

शरीर ही कचेरी समजा. सीबीसी ही तिथली हजेरी. पांढऱ्या पेशी कामावर किती आल्या, त्यांत तातडीला धावणारे किती, नोंदी ठेवणारे किती, एवढे त्यातून कळते. हजेरी पूर्ण भरली म्हणजे काम होते असे नाही, हे सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसास सांगायला नको. दुसरी तपासणी टेबलांची : नोंदी ठेवणाऱ्यांत हुकूम देणारे किती आणि लिहिणारे किती. त्यांना टी पेशी आणि बी पेशी म्हणतात. तिसरी तपासणी म्हणजे प्रत्यक्ष लिहिलेले कागद. बी पेशींच्या टेबलावरून जे उत्तर निघते, ते इम्युनोग्लोब्युलिन. त्याचे मुख्य प्रकार जी, ए आणि एम. नवा जंतू आला की घाईघाईचे पहिले उत्तर एम. नाकातोंडाच्या दारावर चिकटवलेले ए. आणि पक्के, शिक्क्याचे, वर्षानुवर्षे टिकणारे जी, म्हणजेच अहवालातले ते आयजीजी. शैलजाच्या कचेरीत हजेरी पूर्ण होती, टेबले भरलेली होती, आणि कागद जवळपास निघतच नव्हता.

"म्हणजे लो वाईट?" प्रसादने विचारले.

"इथे वाईट," बाई म्हणाल्या. "पण एका आकड्यावरून मी कोणाला आजारी ठरवत नाही. मूत्रपिंडातून, आतड्यातून गळत असेल, एखाद्या औषधाने कमी झाले असेल. प्रतिकारशक्तीला गुण देणारी एकच अशी तपासणी जगात नाही. म्हणून आता मी तिच्या शरीराला थेट प्रश्न विचारणार आहे."

तो प्रश्न म्हणजे न्यूमोनियाची लस. आधी रक्त घ्यायचे, मग लस टोचायची, सुमारे महिनाभर थांबायचे, आणि पुन्हा रक्त घेऊन पाहायचे, की उत्तर आले का. या लसीत जिवंत जंतू नसतो. गोवर आणि कांजिण्यांच्या लसीत तो दुबळा करून, पण जिवंत ठेवलेला असतो, आणि ज्याची कचेरी उत्तरच देत नाही अशा माणसाला तो महागात पडू शकतो. बाईंनी विचारले, "सेंटरने सांगितलेले डोस घेतलेस?"

"नाही. मी हट्टाने घेतले नाहीत."

"कधीकधी हट्टही उपयोगी पडतो," बाई म्हणाल्या, आणि प्रसाद खिडकीबाहेर पाहू लागला.

मी गहिवरलो, हे नोंदवण्यात मला संकोच नाही. आयुष्यभर मी अर्ज दिले आणि पोच मागितली. मला वाटायचे, ही पद्धत माणसांनी कचेऱ्यांसाठी काढली. आणि इथे एक वयस्कर बाई, सुईच्या टोकावर अर्ज ठेवून, एका जिवंत शरीरात दाखल करत होत्या, आणि शांतपणे सांगत होत्या, उत्तराची वाट पाहू. उत्तर आले तर ठीक. नाही आले, तर ते न येणे हाच पुरावा. न आलेल्या उत्तराला पुराव्याची किंमत देणारी पद्धत मी न्यायालयातही पाहिलेली नाही.

त्या महिन्यात नवरात्र आले आणि गेले. शैलजाने आरतीला टाळ्या वाजवल्या, म्हणण्याइतका श्वास तिला नव्हता. माझ्या गॅरेजमध्ये ती दोनदा आली. एकदा तिने विचारले, "काका, मी काय मागू देवाकडे? उत्तर आलं तर मी बरी, पण खोटारडी. नाही आलं तर खरी, पण आजारी."

अशा मागणीचा अर्ज मला कधी लिहावा लागला नव्हता. मी तिला चहा दिला.

निकालाच्या दिवशी बाईंनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. लसीआधीचे आकडे आणि लसीनंतरचे आकडे शेजारी शेजारी होते, आणि त्यांत जवळपास काही फरक नव्हता. मूत्रपिंड ठीक, आतडे ठीक, औषध कुठले नव्हतेच. बाईंनी आजाराचे लांबलचक नाव सांगितले. त्याचा अर्थ एवढाच, की अँटिबॉडी तयार करणारे टेबल नीट चालत नाही. हा आजार पुष्कळांना मोठेपणी लक्षात येतो. लहानपणी घेतलेल्या लसींना तिच्या शरीराने तेव्हा उत्तर दिले आणि पुढे ते पुसले गेले, की कधी दिलेच नाही, हे आता सांगता येणार नाही. "पण लस घेतली नव्हती, असे हे रक्त म्हणत नाही," बाई म्हणाल्या. "ते काहीच म्हणत नाही. त्याला बोलता येत नाही."

साक्षीदार फुटला नव्हता. मुका होता.

शैलजा आधी हसली. मग प्रसादच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. प्रसाद तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाला, "जिंकलीस बाई. आता तरी घरी चल."

यावर उपचार आहे, आणि तो ऐकून माझा आदर दुणावला. इथे माणसे स्वेच्छेने रक्तातला पिवळसर द्रव, प्लाझ्मा, दान करतात. हजारो अनोळखी माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून त्यांच्या अँटिबॉडी वेगळ्या काढतात आणि शैलजासारख्यांना नियमित देतात. कोणा वॉलॉंगॉंगच्या पोलादी कारखान्यातल्या कामगाराने लहानपणी गोवराला दिलेले उत्तर आज टार्निटच्या शैलजाच्या अंगात फिरत असेल. या वर्षीचा हिवाळा तिने न्यूमोनियाशिवाय काढला. परवा जिना चढताना ती माझ्याशी बोलत होती, आणि वर पोहोचल्यावरच माझ्या ध्यानात आले, की ती मध्ये थांबली नाही.

इथे एक शेवटची घटना नोंदवतो. एका नवीन जीपींनी, मागचे काही ठाऊक नसल्याने, तिच्या रक्तातल्या गोवराच्या अँटिबॉडीची तपासणी पुन्हा केली. अहवाल पॉझिटिव्ह. प्रसाद तो घेऊन धावत माझ्याकडे आला.

"काका, काम झालं. हा पेपर सेंटरला देऊन टाकू. ओरिजिनल, इथलाच, लॅमिनेशन पण नाही."

शैलजाने तो त्याच्या हातातून काढून घेतला. "हे माझं नाही. हे त्या लोकांचं उत्तर आहे. मला माझं खरं हवंय."

मी उभा राहून तिला नमस्कार केला. मला वाटते, माझ्या धंद्यात एवढी सरळ अर्जदार मला पुन्हा मिळायची नाही.

म्हणून आम्ही तज्ज्ञ बाईंचे पत्र, शिवरामांची जबानी, पिवळे फाटके कार्ड आणि माझा घटनाक्रम असे सर्व सेंटरला रीतसर पाठवले. मॅनेजरबाईंचा फोन आला. त्या मनापासून बोलल्या. "ऑल गुड, डार्लिंग, नो वरीज. बरी झालीस की कधीही ये." शैलजाने आभार मानले. त्यानंतर बरेच महिने गेले. लेखी काही आले नाही.

मी या देशाचा मान राखतो. ज्या देशात अनोळखी माणूस दंड पुढे करून आपली उत्तरे दुसऱ्याला देतो, त्याचा मान कोण राखणार नाही? परंतु 'नो वरीज' ही पोच नव्हे. संशय दोन मुलींसमक्ष व्यक्त झाला होता. तो फोनवर, कोणाच्याही समक्ष नसताना, मागे घेता येत नाही. आणि सेंटरने उत्तर दिले नाही म्हणून मी ते उत्तर आता वाचकांसमक्ष मागत आहे. आपण सर्व या अर्जाचे साक्षीदार आहात.

तरी सामनेवाल्यांस विनंती ऐशी जे :

एक, अर्जदाराचे दाखले खरे होते, हे आपल्या कार्यालयाने एका ओळीत, तारीख व सहीनिशी लिहून द्यावे, आणि ती ओळ त्या दोन मुलींना दाखवावी.

दोन, ज्या वाचकांची प्रकृती धडधाकट आहे, त्यांनी प्लाझ्मा देता येतो का याची चौकशी करावी. ही मागणी सामनेवाल्यांकडे नाही, परंतु अर्जात जागा शिल्लक होती.

अर्जदाराच्या शरीरास उत्तर देण्याची काहीही सोय नव्हती. तरी त्याने परक्यांच्या मदतीने का होईना, शेवटी उत्तर दिले. आपल्या कार्यालयात सर्वजण निरोगी आहेत, असे समजते. सबब आपले उत्तर येण्यास कोणतीही वैद्यकीय अडचण दिसत नाही.

ते लवकर यावे.